आठव्या वाडग्याचा रंग

मुलांनो, जरा कल्पना करा. शाळेच्या नळावर तुम्ही पाणी प्यायला रांगेत उभे आहात. तुमच्यापुढे सात जण आहेत, म्हणजे तुम्ही आठवे. तेवढ्यात पुढच्यांपैकी एकाला कंटाळा येतो आणि तो रांग सोडून निघून जातो. सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात, आणि तुम्ही होता सातवे. आता सांगा, तुम्ही बदललात का? तहान तीच, पायातल्या चपला त्याच, नाव तेच. बदलली ती फक्त तुमची जागा.

आता आणखी थोडी कल्पना करा. मघाशी, तुम्ही आठवे होतात तेव्हा, कोणीतरी तुमच्या तळहातावर पेनने आठ हा आकडा लिहून ठेवला होता. रांग सरकली, पण तळहातावरचा आकडा काही सरकला नाही. नळाजवळच्या माणसाने आठव्यासाठी काही राखून ठेवलं असेल, तर हात पुढे करून ते तुम्ही घ्याल. खरं तर आता ते तुमच्या मागच्याचं आहे. एवढं डोक्यात ठेवा, म्हणजे बारकीचं काय झालं ते तुम्हाला लगेच कळेल.

बारकी म्हणजे घरातलं शेंडेफळ. उंचीने आईच्या कानाला लागली होती, तरी नाव बारकीच राहिलं. तिच्या मावशीची मातीकामाची कार्यशाळा होती. लांबट खोली, फिरती चाकं, भिंतीला फळ्या, फळ्यांवर वाळत ठेवलेली भांडी आणि मागच्या कोपऱ्यात छातीइतकी उंच विजेची भट्टी. नोकरीधंदा करणारी मोठी माणसं सुट्टीच्या दिवशी तिथे शिकायला येत आणि लहान मुलांसारखी कोपरापर्यंत माखून घेत.

भांड्यांना रंग चढवायचं काम काकूंकडे होतं. काकू कोणाच्याच सख्ख्या काकू नव्हत्या आणि सगळ्यांच्याच काकू होत्या. घरी त्या एकट्या असायच्या. कार्यशाळेत पाऊल टाकलं की त्यांच्या बोलण्याची गाडी सुरू व्हायची, ती निघताना चपला घालेपर्यंत थांबायची नाही. एकदा भाजून घेतलेलं भांडं त्या झिलईच्या बादलीत बुडवायच्या, मनगट असं काही फिरवायच्या की एक थेंब इकडचा तिकडे होत नसे, आणि भांडं फळीवर ठेवून द्यायच्या. झिलई म्हणजे भांड्यावर चढणारं काचेचं पातळ कवच. गंमत अशी, की कच्च्या झिलईचा रंग खरा नसतो. निळी, पांढरी, तपकिरी, सगळ्या बादल्यांत कणकेचे हात धुतलेल्या पाण्यासारखं मळकट काहीतरी दिसतं. खरा रंग भट्टीतून निघाल्यावरच कळतो. म्हणून बादल्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत, आणि कोणाला कोणता रंग हवा हे कुठेतरी लिहून ठेवावंच लागे.

पूर्वी ते कागदाच्या कपट्यांवर असायचं. कपटे भिजायचे, हरवायचे, एकदा तर एक कपटा झिलईच्या बादलीतच सापडला. बारकी तेव्हा शाळेत वेबपानं बनवायला शिकत होती. ती मावशीला म्हणाली की मी तुला एक पान करून देते, भिंतीवरच्या पडद्यावर लावून टाक.

असं पान कसं बनतं, ते सोपं आहे. शंभर भांडी असली तरी शंभर ओळी हाताने लिहायच्या नसतात. एक साचा लिहायचा आणि त्यात सांगायचं, प्रत्येक भांड्यासाठी अशी एक ओळ छाप. यंत्र यादीतलं एकेक भांडं उचलतं आणि त्याच साच्यातून काढतं. या फेऱ्यांना लूप म्हणतात. बारकीचं पान झालं, त्यावर नावं आली, रंग आले. मावशीने एवढंच मागितलं की ओळींच्या आधी आकडे हवेत.

बारकीने स्वतःच एक मोजणी ठेवली आणि दर फेरीला तीत एक मिळवत गेली. पण त्या साच्याचा स्वभाव विसराळू. एका फेरीत केलेली बेरीज फेरी संपली की तो पुसून टाकी. परिणामी वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीपुढे एक हाच आकडा आला. सगळ्यांचाच पहिला नंबर पाहून मावशी म्हणाली, अशी शाळा आमच्या वेळी का नव्हती? मग बारकीने कागदपत्रं वाचली. तिला सापडलं की ही कितवी फेरी चालली आहे ते यंत्राला ठाऊकच असतं, आपण फक्त विचारायचं. विचारायचा शब्द होता लूप डॉट इंडेक्स. त्याचं एक भावंडही होतं, शेपटीला शून्य जोडलेलं, ते शून्यापासून मोजायचं. घाईत बारकीने तेच उचललं. त्या वेळी पहिल्या ओळीत दातांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव होतं. त्या म्हणाल्या की शाळेतसुद्धा मला कधी शून्य मिळालं नव्हतं, ते आज मिळालं. सगळे हसले. बारकीने शेपटी काढली आणि आकडे एक, दोन, तीन असे मुंग्यांसारखे सरळ रांगेत उभे राहिले.

मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला ते पान दाखवू लागली. आमच्या बारकीने केलंय, असं म्हणताना तिचा आवाज थोडा वर जायचा. कौतुक कोणाला आवडत नाही? बारकी आणखी एक पाऊल पुढे गेली. काकू भांड्याच्या बुडाला पेन्सिलीने मालकाच्या नावाची दोन अक्षरं लिहीत. बुडाला झिलई लावत नाहीत, नाहीतर भांडं भट्टीतल्या फळीला चिकटून बसतं, म्हणून ती अक्षरं शेवटपर्यंत वाचता येत आणि भट्टीत आपोआप जळून जात. बारकी काकूंना म्हणाली की अक्षरं कशाला गिरवत बसता, पडद्यावरचा आकडा लिहा, पटकन होईल. काकूंनी मान डोलावली. पोरगी शिकलेली आहे, तिला कळतं, असं त्या म्हणाल्या आणि आकडे लिहू लागल्या.

पहिल्या भट्टीला काहीच बिघडलं नाही, कारण यादीतून मधलं कोणी गेलंच नाही.

पुढच्या महिन्यात सगळ्यांनी वाडगेच केले. एकाच मापाचे बारा वाडगे एकदा भाजून फळीवर ओळीने बसले. आपला कोणता ते ज्याचं त्याला ओळखू येई. बोटांचे ठसे काही सारखे नसतात. पण काकूंना ते सगळे जुळेच. त्यांनी पडद्याकडे बघत बघत प्रत्येकाच्या बुडाला आकडा लिहिला. आठवा वाडगा अँब्युलन्स चालवणाऱ्या दादांचा होता. आईच्या आवडीचा गडद निळा त्यांनी आठवड्यापूर्वीच सांगून ठेवला होता. नववा डॉक्टरीणबाईंचा, त्यांना स्वच्छ पांढरा हवा होता.

झिलईच्या दिवशी सकाळी सातव्या वाडग्याला काठापासून बुडापर्यंत चीर गेलेली दिसली. मालकाने फोनवरच सांगितलं की टाकून द्या. मावशीने वाडगा फुटक्या भांड्यांच्या पिंपात टाकला आणि फोनवरूनच यादीतलं ते नाव खोडलं. पडद्यावरची ओळ गेली. खालच्या सगळ्या ओळी एकेक पायरी वर सरकल्या आणि यंत्राने इमानदारीने पुन्हा एक, दोन, तीन असं मोजलं. आठाच्या जागी आता डॉक्टरीणबाई आल्या. वाडग्यांच्या बुडाची पेन्सिल मात्र होती तशीच राहिली.

कळलं ना काय झालं ते? काकूंना मात्र कोणी सांगितलं नव्हतं. त्या बुडाचा आकडा वाचत, पडद्यावर तोच आकडा शोधत आणि समोर लिहिलेल्या बादलीत वाडगा बुडवत. आठवा पांढऱ्यात गेला. नववा तपकिरीत. शेवटचा वाडगा हातात घेऊन त्या थबकल्या. मग बारकीकडे आल्या. बारकी शिकाऊ मंडळींच्या घोळक्यात बसून पानाचे रंग बदलून दाखवत होती.

"बारके, याच्यावर बारा लिहिलंय गं," काकू म्हणाल्या. "आणि तुझी यादी अकरावरच संपते."

बारकीने वळूनही पाहिलं नाही. "अकराच असेल काकू. चष्मा बदला आता."

घोळका हसला. काकूही हसल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, वाडगा खिडकीपाशी नेऊन बूड पुन्हा पाहिलं. मग त्या टेबलाकडे परत गेल्या आणि अकरासमोर जो रंग होता त्यात तो वाडगा बुडवला.

हसू ओसरल्यावर बारकीने सहज पडद्याकडे पाहिलं. सातव्या ओळीतलं नाव भलतंच होतं. तिने पुन्हा वाचलं. आकडा भांड्याचा नव्हताच. तो फेरीचा होता, आणि रांग सरकली होती.

त्या क्षणी अजून काहीच बिघडलं नव्हतं, हे नीट ऐका. वाडगे फळीवरच होते. कच्ची झिलई ओल्या स्पंजाने पुसता येते; भांडं धुऊन वाळवलं की पुन्हा कोरं. फार तर एक दिवस उशीर झाला असता. बारकीला एवढंच म्हणायचं होतं की थांबा, माझं चुकलं. पण तिकडे मावशी एका नव्या बाईंना पान दाखवत होती, आमच्या बारकीने केलंय म्हणत होती, आणि घोळका अजून तिथेच होता, मघाच्या विनोदावर हसलेला. बारकीने स्वतःची समजूत घातली की काकूंनी रंग आठवणीनेच दिले असतील. मग दप्तर उचललं आणि ती घरी गेली. संध्याकाळी मावशीने भट्टी लावली.

भट्टी थंड व्हायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात बारकीला शाळेत कोणी नुसतं नावाने हाक मारली तरी दचकायला व्हायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

भट्टी उघडायच्या दिवशी सगळे हौसेने जमले. बारकी येणार नव्हती, पण मावशीने निरोप पाठवून बोलावून घेतलं. झाकण उघडलं. वरच्या फळीवरचे वाडगे ठीक होते. खालची फळी बाहेर आली आणि दादांनी आपला वाडगा लगेच ओळखला. तो पांढराशुभ्र होता. त्यांनी तो हातात फिरवला, बुडापाशी आपल्या अंगठ्याचा खळगा पाहिला, आणि हळूच विचारलं की हा माझाच ना? डॉक्टरीणबाईंचा तपकिरी निघाला, वर काळे ठिपके. माझ्या पेशंटच्या दाढेसारखा दिसतोय, असं म्हणून त्यांनी हसून साजरं केलं. आणखी दोघांचे रंग चुकले होते. भाजलेली झिलई पुसता येत नाही.

मावशी काकूंकडे बघत राहिली. रागाने नव्हे. राग असता तर बरं झालं असतं.

काकूंनी वाडगे एकेक करून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या म्हणाल्या की बाई, माझ्याच डोळ्यांनी घात केला. परवा बारकी म्हणालीच होती, मीच मनावर घेतलं नाही. मग त्या दादांकडे वळल्या आणि हात जोडून माफी मागू लागल्या. दादा कानकोंडे झाले. वयाने होतं असं काकू, माझ्या आईचंही झालं, असं ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी ओळखीच्या नेत्रतज्ज्ञाचा पत्ता दिला आणि वर म्हणाल्या, बरं तर बरं, यादी तरी संगणकावर होती, नाहीतर आणखी घोळ झाला असता.

बारकी पिंपाआड उभी होती. कानाच्या पाळ्या इतक्या तापल्या होत्या की कोणालाही दिसतील असं तिला वाटलं. कोणीच तिच्याकडे पाहिलं नाही. कोणी एकाने पाहिलं असतं तर कदाचित तिच्या तोंडून निघालं असतं.

मावशीने काकूंना बाजूला घेतलं. ती हळू बोलत होती, पण खोली लहान होती. तिने सांगितलं की काकू, आता काही दिवस झिलईच्या टेबलावर नका बसू, आराम करा, मग बघू. काकूंनी मान हलवली. एरवी ज्यांचं बोलणं थांबत नसे त्या काकू त्या दिवशी एक शब्द न बोलता गेल्या. पायरी उतरताना त्यांनी भिंतीला हात लावला. त्या पायरीवरून त्या इतकी वर्षं न बघता उतरत होत्या.

त्या रात्री बारकीने जेवताना ताटाकडे मान घालून दोन घास गिळले आणि संगणकापुढे बसली. तिने दुरुस्ती केली, आणि दुरुस्ती अगदी चोख केली. भांडं यादीत येतानाच त्याला त्याचा स्वतःचा आकडा मिळेल, तो कायम त्याच्याशी बांधलेला राहील, मधलं कोणी गेलं तर तो आकडा रिकामा राहील, दुसऱ्याला मिळणार नाही, अशी तिने व्यवस्था लावली. पडद्यावर फेरीचा आकडा छापणं बंद केलं. करून पाहिलं, नावं खोडून पाहिली. आकडे जागचे हलले नाहीत. आता पुन्हा असं होणार नव्हतं. कोणाला काही सांगायचीही गरज नव्हती. झाकली मूठ.

तिला वाटलं होतं की आता मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. पान सुधारलं होतं, आणि काकू अजून घरीच होत्या.

चार-पाच दिवसांनी, बारकी शाळेतून थेट कार्यशाळेत आली होती तेव्हा, काकू दारात उभ्या दिसल्या. त्यांच्याकडे कार्यशाळेची जादा किल्ली असे, ती परत द्यायला आल्या होत्या. मावशी आत भट्टीच्या फळ्या घासत होती. तिने तिथूनच बसा म्हटलं. काकू बसल्या त्या झिलईच्या टेबलापाशी नाही, दाराजवळच्या स्टुलावर, पाहुण्यासारख्या. जरा वेळाने त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि बारकीपुढे धरला.

"जरा वाचून दाखव गं, बहिणीचा निरोप आहे. माझ्या डोळ्यांचा आता भरवसा नाही."

बारकीने फोन घेतला. अक्षरं चांगली मोठी होती, कोणालाही हातभर अंतरावरून वाचता आली असती. निरोपात एवढंच होतं की बहीण बरी आहे आणि काकूंनी फोन करावा. बारकीने पहिला शब्द वाचला आणि ती थांबली. काकू वाट पाहत होत्या. त्यांना वाटलं की अक्षर अवघड असेल, म्हणून त्या म्हणाल्या की सावकाश वाच.

"काकू, तुमचे डोळे चांगले आहेत," बारकी म्हणाली. "बाराच होता तो."

काकूंना कळलं नाही. मावशीने फळी घासायची थांबवली. मग बारकीने संगणक झिलईच्या टेबलावर आणून ठेवला. तिने दुरुस्त केलेलं पान बाजूला सारलं आणि जुनं, चुकलेलं, पुन्हा उघडलं. हे करायला तिला किती जड गेलं असेल ते तुम्ही समजू शकाल. आपली चूक झाकायला सगळ्यांचे हात पटकन उठतात, उघडायला उठत नाहीत. तिने बारा नावं भरली आणि दोघींना बोलावलं. आठासमोर कोण आहे ते काकूंना वाचायला सांगितलं. काकूंनी बिचकत वाचलं, अँब्युलन्सवाले दादा, निळा. बारकीने सातवं नाव खोडलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. काकूंनी वाचलं, डॉक्टरीणबाई, पांढरा. मग त्यांनी चष्मा काढला आणि चष्म्याशिवाय पडद्याच्या अगदी जवळ जाऊन वाचलं. तेच होतं.

काकूंचे ओठ हलत होते. त्या नववा, दहावा, अकरावा असे एकेक मोजून बघत होत्या.

मावशीने टेबलावर हात टेकला. "हे तुला कधी कळलं?"

प्रश्न साधा होता. भट्टी उघडल्यावर कळलं असं म्हटलं असतं तर दोघींनीही मानलं असतं. लहान आहे, चुकली, असं म्हणून मावशीने पोटाशीही धरलं असतं. बारकीने ते उत्तर जिभेवर येऊ दिलं, आणि परत गिळलं.

"भट्टी लावायच्या आधी," ती म्हणाली. "वाडगे फळीवर होते तेव्हाच."

मावशी खाली बसली. तिने बारकीकडे असं कधी पाहिलं नव्हतं. ते पाहणं बारकीला सोसेना, तरी तिने मान खाली घातली नाही. काकू तेवढ्यात हळूच बोलल्या, जणू स्वतःशीच. रस्ता ओलांडताना मी शेजारणीचा हात धरते हल्ली, असं त्या म्हणाल्या. सुईत दोरा ओवायचा सोडला. दुधाच्या पिशवीवरची तारीख दुकानदाराला विचारते. काकूंनी बारकीच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, आणि तिलाही तो फिरवून घ्यावासा वाटला नाही.

काकूंनी आपला फोन उचलला, हातभर लांब धरला आणि बहिणीचा निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला. मग त्यांनी मावशीला विचारलं की पांढऱ्या झिलईत पाणी कोणी वाढवलंय, फार पातळ दिसतेय.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. दादा आले होते. नवा वाडगा करायला मावशीने त्यांना बोलावलं होतं, आणि अजून त्यांना वाटत होतं की काकूंच्या डोळ्यांनीच तो पहिला वाडगा बिघडवला. मावशीने उठायला खुर्ची मागे सरकवली. पण बारकी तिच्याआधी दारापाशी पोचली होती. तिने दार उघडलं, पायरी उतरली आणि दादा गाडीला कुलूप लावत होते तिथेच त्यांना गाठून सांगायला सुरुवात केली.